रुग्णाची हरकत

फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात एका औषधाच्या पेटंट-अर्जावर हरकत दाखल झाली. अशा हरकती एरवी प्रतिस्पर्धी कंपन्या घेतात. वकील त्यांचे, रसायनतज्ज्ञ त्यांचे, खर्चही त्यांचाच. इथे हरकत घेणाऱ्या दोन तरुण स्त्रिया होत्या. नंदिता वेंकटेशन मुंबईची, फुमेझा तिसिले दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतली. दोघींना टीबी झाला होता, दोघी त्यातून उठल्या होत्या, आणि औषधांनी जीव वाचवता वाचवता दोघींचेही कान नेले होते. जॉन्सन अँड जॉन्सन ही कंपनी बेडाक्विलिन या गोळीवरची आपली मक्तेदारी लांबवू पाहत होती, त्याला ही हरकत होती. निकाल कोणत्याही बाजूने लागला असता तरी या दोघींच्या पदरात काही पडणार नव्हतं. त्यांचे उपचार केव्हाच संपले होते, आणि गेलेली श्रवणशक्ती कुठल्या गोळीने परत येत नाही.

आंतरराष्ट्रीय रुग्णचळवळीची ओळख करून द्यायची तर सुरुवात जाहीरनाम्यांपासून करता येते. १९७८ चा अल्मा-आटाचा जाहीरनामा आहे. आपल्या आरोग्यसेवेचं नियोजन आणि अंमलबजावणी यांत सहभागी होणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं त्यात जगभरच्या सरकारांनी मान्य केलं. १९९९ मध्ये रुग्णसंघटनांची जागतिक आघाडी उभी राहिली. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. मे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आरोग्याच्या निर्णयांत लोकसहभाग असावा असा खास ठराव केला. हे सगळं नोंदवून ठेवण्याजोगं आहे. पण ठराव वाचून चळवळीचा पोत कळत नाही. तो या दोघींच्या हरकतीवरून कळतो. म्हणून ही प्रस्तावना मी त्या हरकतीभोवतीच लिहिणार आहे. बाकीचं ओघात येईल.

आधी कानांचं. आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर अगदी अलीकडेपर्यंत जे उपचार दिले जात, त्यांत बहुतेक ठिकाणी कानामायसिनचं इंजेक्शन असे. जपानमध्ये १९५७ साली सापडलेलं हे प्रतिजैविक महिनोन्‌महिने, जवळपास रोज टोचून घ्यायचं. आपल्या अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. या गटातली औषधं त्या पेशी मारतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीतले आवाज जातात, मग हळूहळू माणसांचं बोलणं. ठरावीक काळाने कान तपासत राहिलं तर धोका वेळेत लक्षात येतो. पण जिथे इंजेक्शन द्यायलाच नर्स पुरत नाहीत, तिथे ऑडिओमेट्री कोण करणार?

डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं. एका पारड्यात जीव आणि दुसऱ्यात कान, असा हिशेब होता, आणि दुसरं औषधच नव्हतं त्या काळात तो चुकीचाही नव्हता. खटकतं ते वेगळंच. पारड्यांत काय घालायचं हे ज्याचे कान जाणार होते त्याला कोणी विचारलं नव्हतं. उपचाराला यश आलं की नाही ते थुंकीच्या तपासणीवर ठरे. थुंकीत जंतू नाहीत, म्हणजे रुग्ण बरा. असा ‘बरा’ झालेला माणूस बहिरा होऊन, नोकरी सुटून घरी बसलेला असू शकतो. निकालाच्या रकान्यात त्याला जागा नव्हती. रुग्णकेंद्री आरोग्यसेवा म्हणजे काय, या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात कोरडं आणि खरं उत्तर इथे आहे: ‘बरा’ कोणाला म्हणायचं हे ठरवताना रुग्ण खोलीत असतो की नाही.

फुमेझाला टीबी झाला तेव्हा, २०१० मध्ये, ती कॉलेजात शिकत होती. आधीची निदानं चुकत गेली. तिचा टीबी अतिशय चिवट जातीचा आहे हे उशिरा कळलं. उपचार चालले जवळपास पावणेचार वर्षं: सुमारे वीस हजार गोळ्या आणि दोनशेहून जास्त इंजेक्शनं. ऑगस्ट २०१३ मध्ये ती बरी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात जिनिव्हाला जागतिक आरोग्य सभा भरली तेव्हा तिने आणि तिच्या डॉक्टर जेनिफर ह्यूज यांनी मिळून लिहिलेला जाहीरनामा तिथे मांडला गेला. मागणी साधी होती: आमची तपासणी करा, आमच्यावर उपचार करा. रुग्ण आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून कागद लिहिणं ही आजही दुर्मिळ गोष्ट आहे. रुग्णचळवळ म्हटलं की डॉक्टरांच्या विरोधातली चळवळ असं आपल्याकडे पटकन समजलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

नंदिताला टीबीने दोनदा गाठलं. पहिल्यांदा शाळकरी वय सरता सरता, मग पुन्हा २०१३ मध्ये. टीबी पोटातला. म्हणजे खोकला नाही, थुंकीत जंतू नाहीत, पोस्टरवरच्या रुग्णासारखं काहीच नाही. त्या दुसऱ्या फेरीत इंजेक्शनांनी तिचे कान गेले. ती भरतनाट्यम शिकलेली होती. पुढे पत्रकार झाली आणि जाहीरपणे बोलू लागली. टीबी झोपडपट्टीतच होतो असं समजणाऱ्या मुंबईकर मध्यमवर्गाला तिचं बोलणं अडचणीचं वाटलं असणार. या वर्गात टीबी अजूनही ‘जरा छातीचं होतं’ असं म्हणून उरकला जातो, विशेषतः मुलीचं लग्न व्हायचं असेल तर.

आता गोळीकडे. बेल्जियममधल्या संशोधकांनी शोधलेल्या बेडाक्विलिनला अमेरिकेत परवानगी मिळाली डिसेंबर २०१२ मध्ये. टीबीवर सर्वस्वी नव्या प्रकारचं औषध चाळीसहून अधिक वर्षांनी येत होतं. जंतूला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच ते बंद पाडतं. भारतात ते २०१६ पासून मिळू लागलं, तेही मोजक्या केंद्रांत, मोजक्यांना. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांना त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, कारण ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून तिथल्या केंद्राने औषध द्यायला नकार दिला होता. (टीबीचा जंतू अधिवासाचा दाखला बघून घरात शिरतो, अशी बहुधा समजूत असावी.) २०१७ च्या जानेवारीत तिला औषध मिळालं. पुढच्या वर्षी ती गेली.

जून २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेने इंजेक्शनच्या जागी ही गोळी द्यायचं जाहीर केलं. असं करणारा तो पहिला देश. दोन महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनेही तोच कल दाखवला आणि २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत कानामायसिन वापरू नये असं स्पष्ट लिहिलं. विज्ञानाचा प्रश्न सुटत आला होता. उरली होती किंमत. २०१८ मध्ये कंपनीने सहा महिन्यांच्या कोर्सचा भाव खाली आणून ४०० डॉलर केला होता. आणि ही केवळ एका औषधाची किंमत, सोबतची औषधं वेगळी. बनवणारी कंपनी एकच असल्यामुळे घासाघीस करायलाही फार वाव नव्हता.

मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. पण औषधाच्या फ्युमरेट क्षारासाठी कंपनीने वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. गोळी नीट विरघळावी, टिकावी म्हणून औषधाचा क्षार करणं ही औषधनिर्मितीतली नेहमीची रीत आहे. त्यात शोध किती आणि सराव किती, हा वादाचा मुद्दा. भारताच्या पेटंट कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने इथे दोन दारं उघडी ठेवली होती. कलम ३(ड) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप काढलं आणि त्याने गुणकारीपणा वाढला नाही, तर त्यावर पेटंट नाही. आणि कलम २५(१) नुसार पेटंट देण्याआधी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. कंपनी असण्याची अट नाही, भारतीय असण्याचीही नाही. खायेलित्शातली मुलगी मुंबईतल्या मैत्रिणीसोबत भारतातल्या कार्यालयात उभी राहू शकली ती या कलमामुळे. आणि तिने इथे यायचं कारण व्यवहाराचं होतं. जगातले सर्वाधिक टीबीरुग्ण भारतात आहेत, शिवाय आफ्रिकेला पुरेल इतकं स्वस्त औषध बनवू शकणारे कारखानेही इथेच आहेत. भारतात पेटंट अडलं की केपटाऊनच्या दवाखान्यातला भाव उतरतो.

ही वाट त्याआधी कर्करोगाच्या रुग्णांनी पाडली होती, आणि त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. रक्ताच्या एका कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या नोव्हार्टिसच्या औषधाला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत. तेच औषध भारतीय कंपन्या आठ-दहा हजारांत देत होत्या. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कंपनीचं म्हणणं असं होतं की भारतातल्या बहुसंख्य रुग्णांना आम्ही हे औषध फुकटच देतो. ते खोटं नव्हतं. तसा कार्यक्रम खरोखर चालू होता आणि त्यावर जगलेली माणसं आहेत. तरीही मला त्या युक्तिवादात एक गोम दिसते. फुकट मिळणारं औषध देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. यादीत कोण बसेल, कधीपर्यंत बसेल हे तोच ठरवतो, आणि घेणाऱ्याला हरकत घ्यायची सोय राहत नाही.

रुग्णाने स्वतःच्या रोगाचं शास्त्र शिकून घ्यायचं आणि मग तज्ज्ञांच्या बैठकीत जाऊन बसायचं, ही परंपरा मात्र टीबीवाल्यांची नाही, एड्सवाल्यांची. जून १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर इथे एका परिषदेत एड्स झालेल्या मूठभर पुरुषांनी व्यासपीठाचा ताबा घेतला आणि आपली तत्त्वं वाचून दाखवली: आमच्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात आम्ही हवेत. त्या वेळी या रोगाचा विषाणू नुकता कुठे हाती लागला होता, औषध तर नव्हतंच. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘अ‍ॅक्ट अप’ सुरू झाली. ११ ऑक्टोबर १९८८ रोजी तिच्या कार्यकर्त्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या मुख्यालयाला घेराव घातला. रस्त्यावर आडवे पडणाऱ्या याच पोरांनी रात्री जागून चाचण्यांची संख्याशास्त्रीय रचना समजून घेतली, आणि काही वर्षांत त्यांच्यातले काहीजण संशोधन समित्यांवर बसू लागले.

दक्षिण आफ्रिकेत झॅकी अख्मत आणि सहकाऱ्यांनी १० डिसेंबर १९९८ रोजी ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ सुरू केली. विषाणू म्हणजे काय, रक्तातलं त्याचं प्रमाण का मोजायचं, गोळी चुकवली तर काय होतं, हे वस्त्यावस्त्यांतून लोकांच्या भाषेत शिकवणारे कार्यकर्ते या संघटनेने तयार केले. अख्मत स्वतः बाधित. परवडत असूनही, सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळेपर्यंत मी औषध घेणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं आणि वर्षानुवर्षं पाळलं. स्वस्त औषधांच्या कायद्यावरून ३९ औषध कंपन्यांनी तिथल्या सरकारवर भरलेला खटला एप्रिल २००१ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरची तिन्ही औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली होती. पाश्चात्त्य बाजारात त्यांना दहा हजारांहून जास्त डॉलर पडत. सिप्लाचे प्रमुख युसुफ हमीद यांच्या या निर्णयाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण रस्त्यावर रुग्ण उभे नसते तर त्या भावाला गिऱ्हाईक मिळालं नसतं, हेही तितकंच खरं.

तेव्हा २०१९ ची हरकत आकाशातून पडली नव्हती. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था दोघींच्या पाठीशी होती, जाणते वकील होते. चार वर्षं गेली. २३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपलं. त्याच महिन्यात अमेरिकन कादंबरीकार जॉन ग्रीन यांनी आपल्या वाचकांना हाक दिली आणि कंपनीवर चहूकडून दबाव वाढला. पाठोपाठ बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांना इतर कंपन्यांची गोळी पुरवायला वाट मोकळी झाली. ऑगस्टअखेर टीबीच्या जागतिक औषध खरेदी यंत्रणेने नवे भाव जाहीर केले. मूळ कंपनीचा कोर्स सुमारे १३० डॉलर, मुंबईच्या ल्युपिनचा सुमारे १९४. मूळ कंपनीच स्वस्त पडली, हे गंमतीचं वाटेल. पण स्पर्धा दारात आल्याशिवाय तो भाव तिला सुचला नव्हता. सप्टेंबरमध्ये १३४ देशांत दुय्यम पेटंट बजावणार नाही असंही तिने सांगून टाकलं.

इथे थांबलो तर ही विजयगाथा होईल, आणि तशी ती नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये देशभरातून, महाराष्ट्रातूनही, टीबीच्या औषधांच्या तुटवड्याच्या तक्रारी येत राहिल्या. चिवट टीबीवर रोज घ्यायच्या गोळ्याच केंद्रावर नाहीत, रुग्ण रिकाम्या हाताने परत. पेटंट हटलं, भाव उतरला, आणि खरेदीची निविदा अडकली. गोवंडीतल्या रुग्णाला यातलं काय दिसतं? खिडकी दिसते आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर ऐकू येतं.

दुसरी अडचण प्रतिनिधित्वाची. नंदिता आणि फुमेझा दोघींना इंग्रजी येतं, दोघी उत्तम बोलतात. त्यांनी जे केलं ते थोरच आहे. पण जिनिव्हाच्या सभागृहात पोचणारा रुग्ण हा बहुधा शिकलेला, व्हिसा मिळू शकणारा, आणि मुळात जगलेला असतो. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा भिवंडीचा कामगार दिवसाचा रोज बुडवून समितीत यायचा कसा? त्याचा रोज कोणी भरून देतं का? दुभाषा देतं का? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. सहभाग खरा की देखाव्याचा, हे मात्र बहुतेकदा इथेच ठरतं.

तिसरी अडचण पैशांची, आणि तिच्याबद्दल रुग्णचळवळीत फार मोकळेपणाने बोललं जात नाही. जगातल्या कित्येक रुग्णसंघटना औषध कंपन्यांच्या देणग्यांवर चालतात. देणगी घेतली म्हणजे माणूस विकला गेला असं मी म्हणणार नाही. दुर्मिळ आजारांच्या संघटनांना दुसरा आधार तरी कोण देतो? पण अशा संघटना नवं औषध लवकर मंजूर व्हावं म्हणून जितक्या जोरात बोलतात, तितक्या जोरात त्याच्या किमतीबद्दल बोलताना क्वचित दिसतात. संघटनेचं पत्रक हाती आलं की वाचकाने शेवटच्या पानावरची प्रायोजकांची यादी आधी वाचावी, ही माझी शिफारस.

आणि रुग्णालयांच्या जाहिरातींतली रुग्णकेंद्री सेवा? वातानुकूलित स्वागतकक्ष, कॉफी यंत्र, डिस्चार्जच्या वेळी हातात दिलेला अभिप्रायाचा कागद. त्या कागदावर नर्सच्या वागणुकीला पाचपैकी गुण द्यायचे असतात. बिलातल्या ओळींचा अर्थ विचारायला रकाना नसतो. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. ते लागलं आहे की नाही हे प्रत्येकाने आपापल्या गावात जाऊन बघावं.

तरी महाराष्ट्राच्या खात्यात या बाबतीत एक भक्कम काम जमा आहे, आणि त्याची चर्चा राज्यात व्हायला हवी तितकी होत नाही. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात, पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने, लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं: डॉक्टर राहतात का, औषध बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का. मग जनसुनवाई, समोर वैद्यकीय अधिकारी, आणि उभी राहून बोलणारी बाई. बाराएक वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत ‘रित्शिद्झे’ हा उपक्रम निघाला, त्यात एचआयव्हीबाधितांच्या संघटना सरकारी दवाखान्यांची अशीच पाहणी करतात: रांग किती तासांची, गोळ्या किती महिन्यांच्या मिळतात, नोंदणीच्या टेबलावर अपमान होतो का. एकाने दुसऱ्याचं बघून केलं असं नव्हे. गरज सारखी होती म्हणून हत्यारही सारखंच घडलं. तिकडचा पैसा अमेरिकी सरकारच्या एड्स निधीतून येई, आणि २०२५ च्या सुरुवातीला तो निधी गोठला तेव्हा त्याचा फटका या पाहणीलाही बसला. इकडे आपल्या देखरेखीची सरकारी मदतही कधी आली, कधी रखडली. दोष दाखवणाऱ्याला दोष असणाऱ्यानेच पगार द्यायचा, ही रचना कुठल्याच देशात सुखाने चालत नाही. एड्स, टीबी आणि मलेरियाविरुद्धच्या ग्लोबल फंडाच्या नियामक मंडळावर रोगबाधित समूहांना स्वतःची, मताधिकार असलेली जागा आहे, ती म्हणूनच महत्त्वाची वाटते.

सध्याचा तंटा तपासणीच्या काडतुसाचा आहे. टीबी रिफॅम्पिसिनला दाद देतो की नाही हे दोन तासांत सांगणाऱ्या जीनएक्स्पर्ट यंत्रात प्रत्येक नमुन्यासाठी एक काडतूस खर्ची पडतं. त्याची किंमत पाच डॉलर करा, अशी मोहीम रुग्ण आणि आरोग्य संघटनांनी २०१९ मध्ये उघडली. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्पादक कंपनीने ती ९.९८ वरून ७.९७ डॉलरवर आणली. फुमेझाला झाला होता तसला चिवट टीबी ओळखणारं काडतूस मात्र १४.९० डॉलरलाच राहिलं. उत्पादनखर्चाचा हिशेब त्रयस्थाकडून तपासून घ्या, अशी संघटनांची मागणी आहे.